जसंच्या तसं

"मीबी येनार सांगलीला," हरणाबाई म्हणाल्या आणि नाथाजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

सकाळचे सव्वासहा झाले होते. गाड्या सातला निघायच्या होत्या. फौजेत वीस वर्षं काढलेल्या नाथाजींनी आदल्या दिवशीच एक कागद लिहून भिंतीला चिकटवला होता. कोण कुठल्या गाडीत, विट्याला चहाला किती मिनिटं, नाट्यगृहात किती वाजता. त्या कागदावर थोरल्या भावजयीचं नाव नव्हतं. मुद्दाम गाळलं होतं असंही नाही, ते घालायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. अडतीस वर्षांत हरणाबाई आपल्या धाकट्या जावेच्या एकाही शूटिंगला गेल्या नव्हत्या. घरच्या टीव्हीवर शालूबाई दिसायला लागल्या की त्या पदर सावरून ओट्यावर जाऊन बसत. आणि आज, शालूबाईंना सिनेमा आणि टीव्हीतल्या कामाबद्दल जीवनगौरव मिळायच्या दिवशी, त्या हिरव्या काठाचं इरकल नेसून दारात उभ्या होत्या.

"वैनी, लय लांब हाय," नाथाजी म्हणाले. "अडीच तासाचा रस्ता. तुमचं गुडघं..."

"गुडघं माझं मी बघती, भावजी."

"न्हाई, तितं पायऱ्या बी हायत म्हनं."

"माझा ल्योक आलाय की कोईमतूरासनं. चार पायऱ्या चढवंना व्हय मला?"

नाथाजींनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं.

मागच्या अंगणात यशराज गाडीची काच पुसत होता. हा नाथाजी-शालूबाईंचा एकुलता मुलगा. वाई-साताऱ्याकडे मालिकांची शूटिंगं चालत, त्यांना तो गाड्या पुरवायचा. धंदा आईच्या नावावर उभा राहिला होता, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. मालिकेत कुणी मेलं की 'रडणाऱ्या मावशींना बोलवा' असा फोन यायचा, आणि मावशींबरोबर त्यांचा मुलगा गाडी घेऊन जायचा.

"थोरली वैनी येतीया," नाथाजींनी हळू आवाजात सांगितलं.

यशराजचा हात काचेवर थांबला. "कशाला?"

"मी काय इचारनार? तिला कवा कुनी काय इचारलंय."

"आबा, मग येक घोटाळा हाय." यशराजनं फडकं पिळलं. "त्या सत्कारवाल्या सचिवाचा फोन आलता परवा. म्हनला, मावशींनी स्टेजवर दोन मिंटं त्यो शीन करून दाखवावा. भाकरीचा. मी व्हय म्हनलो."

"आईला इचारलंस?"

"त्यात इचारायचं काय? आई रोजचीच करती."

"वैनीच्या म्होरं न्हाई करत," नाथाजी म्हणाले. "येकदाबी न्हाई केलेलं."

"मग माझ्या आईला हितंच ठिवायचा इचार चाललाय का?" पाठीमागून आवाज आला. वीरधवल, हरणाबाईंचा मुलगा, दात घासत उभा होता. कोईमतूरला त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. विट्याच्या एका पाहुण्याबरोबर तो सोळाव्या वर्षी तिकडे गेला, आणि आता घरावरचा स्लॅब, गाडी, बोअर, सगळं त्याच्या गलाईतून आलं होतं. त्याचा आवाज चढला की घरात बाकीचे जरा गप्प बसत.

"तसं न्हाई रं," नाथाजी म्हणाले.

"काका, मी काल सत्कारवाल्यांनी धाडलेलं पुस्तक वाचलं. काकीची मुलाखत हाय त्यात. 'ते शब्द मला जागेवर सुचले.' असं छापलंय. सुचले." त्यानं चूळ भरली. "गावातल्या कुनालाबी इचारा ते रडनं कुनाचं हाय. माझ्या थोरल्या भावाचं मढं म्होरं ठिवून माझी आई रडली, त्ये रडनं हाय त्ये. मी दोन वरसाचा हुतो, पर मला ठावं हाय."

"आईनं तसं सांगितलं न्हवतं," यशराज म्हणाला. "लिवनारानं लिवलं."

"मग आज म्हनावं, चुकलंय."

"आज? तितं चार चॅनेलवालं येनार हायती, गड्या."

"म्हनूनच म्हनतो."

नाथाजी दोघांच्या मधे उभे होते. त्यांना वाटलं, आपण काहीतरी ठरवलं पाहिजे, आणि जे ठरवता येण्यासारखं होतं ते त्यांनी ठरवलं. वैनी मागच्या गाडीत. शेजारी नात शिवांजली. नाट्यगृहात वैनी मधल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, म्हणजे उठायचं झालं तर आठ माणसं ओलांडावी लागतील.

"आणि काय बोलती त्याकडं ध्यान ठिव," त्यांनी शिवांजलीला बाजूला घेऊन बजावलं. "विट्याला मला रिपोर्ट दे."

"आबा, थोरली आज्जी हाय ती, दुश्मन न्हाई," शिवांजली म्हणाली.

"टाइम म्हंजी टाइम. सात," नाथाजी म्हणाले.

*

शालूबाईंना हे सुनेकडून कळलं. त्या आरशासमोर बसल्या होत्या. हातातली हेअरपिन त्यांनी तशीच परत डबीत ठेवली.

अक्का येणार. अडतीस वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली आणि जिची भीतीही बाळगली, ती आजच यायची होती.

पहिल्या शूटिंगचा दिवस त्यांना कालच्यासारखा आठवत होता. गावाच्या माळावर सिनेमावाले आले होते. मेलेल्या पोरावर आई रडते असा प्रसंग होता आणि मुंबईच्या बाईंना काही केल्या रडू येईना. ग्लिसरीन घालून डोळे लाल झाले, पण आवाज फुटेना. दिग्दर्शकानं वैतागून बघ्या बायकांना विचारलं, तुमच्यात कुणी रडेल का? बायका लाजल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. शालूबाई का पुढे झाल्या, हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. चौतीस वर्षांच्या होत्या. पुढे जाऊन बसल्या, त्या परक्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तोंडातून हेल निघाला तो अक्कांचा.

त्याच्या सात वर्षं आधी आपल्या धुळाला मांडीवर घेऊन अक्का अशाच बसल्या होत्या. धुळोबाला नवस करून झालेला सहा वर्षांचा पोरगा. माघातल्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. धुळा न सांगता पळाला, आणि तो येईना तसा अक्कांना राग चढला. बाहेर झोपला म्हणजे अद्दल घडेल म्हणून त्यांनी दाराला कडी घातली. पोर आलं, दार लोटलं, हाका मारल्या की नाही कोण जाणे, आणि थंडीचं कडब्याच्या गंजीत शिरलं. गंजीत साप होता.

पहाटे अक्कांनी पोर उचलून आणलं तेव्हा जागी फक्त शालू होती. "दार म्या लावलं रं धुळा," अक्का ओरडल्या, "माज्या हातानं लावलं रं." शालूनं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. "अक्का, ह्ये बोलू नगा. जलमभर बोलू नगा." आणि बाया जमल्या तेव्हा तिनंच सांगितलं, पोरगं बाहेर जनावरांपाशी झोपलं होतं. मग अक्का रडल्या ते भाकरीचं. भाकर झाकून ठिवलीया रं, कोरड्यास गार झालं रं. ते सगळ्या गावानं ऐकलं. दाराचं तेवढं त्या दोघींत राहिलं.

सिनेमाच्या त्या माळावर हेल काढता काढता शालूबाई दाराशी आल्या. जिभेवर शब्द आला आणि त्यांनी तो फिरवला. "दार उगडं ठिवलंय रं बाळा," असं म्हणाल्या. पुढे भाकर आली. भाकरीचं वाक्य गाजलं. पोरं खेळताना म्हणायची, लग्नाच्या पंगतीत लोक चेष्टेनं म्हणायचे, यशराजनं केलेल्या फ्लेक्सवरही तेच होतं.

त्या संध्याकाळी घरी परतल्या तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात कडुलिंबाचा पाला. मयतीवरून आल्यावर द्यायचा तसा. "त्वांड धू. पाला चाव. मग आत ये," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून प्रत्येक शूटिंगनंतर उंबऱ्यावर तांब्या आणि पाला. मालिका सुरू झाल्यावर आठवड्यातून तीनतीनदा. एकदाही चुकलं नाही, आणि एकदाही त्यावर एक अक्षर बोलणं झालं नाही. खोटं रडणंसुद्धा घरात येताना धुऊन यायचं, एवढाच त्याचा अर्थ आहे, की अक्का आपल्याला रोज काहीतरी आठवण करून देतायत, हे शालूबाईंना कधीच कळलं नाही.

आणि थोरले दादा गेले तेव्हाचं. एकोणीस वर्षं झाली. नवऱ्याच्या उशाशी बसून अक्कांनी तोंड उघडलं, पहिला हेल निघाला, आणि बायांतली कुणीतरी कुजबुजली, "बग, शालूबाईवानी करतीया." अक्कांनी तोंड मिटलं. ते नंतर कुणाच्याच मयतीला उघडलं नाही.

शालूबाई उठून ओट्यावर आल्या. हरणाबाई काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अक्का, येताय म्हनं."

"व्हय. पत्रिकंत सहकुटुंब लिवलंय. मी कुटुंबातली न्हाई व्हय?"

"तसं न्हवं. आजपतुर कवा..."

"रडनार हायस म्हनं तितं?"

शालूबाई दचकल्या. "न्हाई. कोन म्हनलं?"

"यशराज फोनवर बोलत हुता परवा. माज्या खोलीचं दार उगडंच असतंय, समदं आयकू येतंय." ते खरंच होतं. हरणाबाईंच्या खोलीच्या दाराला कडीच नव्हती. चौकटीत फक्त स्क्रूची चार भोकं होती. "आता वय झालं, शालू. मरायच्या आदी येकदा माज्या कानानं आयकायचं हाय, काय काय सांगितलंयस जगाला."

त्या काठी टेकत गाडीकडे गेल्या. शालूबाई तिथेच उभ्या राहिल्या. काय काय म्हणजे काय, हे विचारायचं त्यांच्या ओठावर होतं, पण नाथाजी घड्याळ दाखवत होते.

*

गाडी मायणीपाशी आली होती. वीरधवलकाका पुढे एकटेच गाडी चालवत होते, फोनवर तमिळमध्ये कुणाला तरी भट्टीबद्दल सांगत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू काढून झाला होता आणि रानोरान कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. शिवांजलीच्या लक्षात आलं, थोरली आज्जी खिडकीतून बाहेर बघत नाहीये. पुढच्या सीटच्या पाठीकडे बघतेय.

"शिवांजले, तुझ्या मोबाइलात त्यो सिनेमा हाय का?"

"कुठला, आज्जी?"

"तुझ्या आज्जीचा. पैला."

शिवांजलीनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. आबांनी सांगितलं होतं ध्यान ठेव. म्हणजे काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर ही म्हातारी ऐंशीची.

"सगळा न्हाई. त्यो रडायचा तेवढा शीन हाय."

"तेवढाच पायजे. हळू लाव. वीरूला आयकू जाऊ नये."

शिवांजलीनं इअरफोन काढले. एक आज्जीच्या कानात घातला, एक स्वतःच्या. पडद्यावर माळ दिसला, गर्दी दिसली आणि तरुण शालूआज्जी. हेल सुरू झाला तसं थोरल्या आज्जीनं शिवांजलीचं मनगट धरलं. नखं रुतली. 'दार' हा शब्द आला तेव्हा आज्जीनं डोळे घट्ट मिटले, अंगावर काही पडणार असल्यासारखे.

'दार उगडं ठिवलंय रं बाळा.'

आज्जीनं डोळे उघडले.

"परत लाव."

शिवांजलीनं परत लावलं. मग तिसऱ्यांदा.

"उगडं म्हनती."

"व्हय. दार उगडं ठिवलंय."

"लावलं, असं न्हाई म्हनत कुटं? म्होरं? मागं?"

"न्हाई आज्जी. त्यो डायलॉगच तसा हाय. दार उगडं ठिवलंय, भाकर झाकून ठिवलीया. समद्यांना पाठ हाय."

"समद्यांना पाठ हाय," थोरली आज्जी म्हणाली. तिनं इअरफोन काढून शिवांजलीच्या हातात दिला. "त्या दिशी शेजारची सुला आली हुती माळावरनं पळत. म्हनली, 'हरणे, शालूनं तुजंच रडनं रडलं बग. जसंच्या तसं.' म्या इचारलं न्हाई, जसंच्या तसं म्हंजी कुटपतुर. इचारवलं न्हाई. सुलाला काय ठावं. तिनं भाकरीचंच आयकल्यालं." तिचा आवाज इतका खाली गेला की शिवांजलीला वाकून ऐकावं लागलं. "कोन भाकरीचं बोलाया लागलं की मी उटून जायाची. म्हनायची, आता दाराचं काडत्यात."

शिवांजलीला हे काही कळलं नाही. पण विचारू नये एवढं कळलं.

विट्याला चहाच्या टपरीवर आबा तिच्यापाशी आले. "काय म्हनतीया?"

"काय न्हाई. सिनेमा बगितला आज्जीनं."

"काय?" आबांच्या कपातला चहा दुसऱ्यांदा हिंदकळला. "आनि?"

"तीनदा बगितला."

नाथाजींनी पुढच्या गाडीकडे पाहिलं. तिथे काचेआड शालूबाई ताठ बसल्या होत्या. चहा नको म्हणाल्या होत्या. "तिला सांगू नगंस," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत आले. "न्हाई तर सांगू का?" मग स्वतःच मान हलवून गाडीत जाऊन बसले. ठरलेल्या दहा मिनिटांची अठरा झाली होती, आणि त्यांना ते जाणवलंही नाही.

*

मंचावरून प्रेक्षक नीट दिसत नसतात, हे शालूबाईंना माहीत नव्हतं. त्यांचा सगळा जन्म माळावर, ओट्यावर, भाड्याच्या बंगल्यांच्या अंगणात रडण्यात गेला होता. इथे डोळ्यांवर दिवे होते. त्यांनी मधली रांग शोधली. तिथे सून दिसली, शिवांजली दिसली. अक्का नव्हत्या.

मग दिसल्या. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, काठी पुढे टेकून. गुडघे वाकत नाहीत म्हणून मधे बसणार नाही, असं त्यांनी ऐन वेळी सांगितलं असणार. शेजारी नाथाजी गुडघ्यांवर हात ठेवून सावधान बसल्यासारखे बसले होते.

शाल झाली, श्रीफळ झालं. सिनेमाच्या रिळाच्या आकाराचं पितळी सन्मानचिन्ह हातात आलं, ते इतकं जड की यशराजला विंगेतून येऊन धरावं लागलं. सचिव बराच वेळ बोलले. शालूबाईंनी चारशेहून जास्त मरणांवर अश्रू ढाळले, असं ते म्हणाले आणि लोक हसले.

"आता मावशींना विनंती," सचिव म्हणाले, "ज्या दोन मिनिटांनी मराठी पडद्याला रडायला शिकवलं, ती दोन मिनिटं आज आपल्यासमोर."

टाळ्या पडल्या. शालूबाईंनी विंगेकडे पाहिलं. यशराज सन्मानचिन्ह छातीशी धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर लहानपणी काही फोडल्यावर यायचा तो भाव होता. सकाळी अक्का म्हणाल्या ते खरंच होतं, आणि आता चिडायलाही वेळ नव्हता.

त्या माइकपाशी गेल्या. नाही म्हटलं तर पोराचं नाक कापलं जाईल. आणि रडल्या, तर सात हात अंतरावर बसलेल्या बाईच्या तोंडावर तिचंच मेलेलं पोर पुन्हा मांडीवर घ्यायचं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. हेल घशात तयार होता, चारशे वेळा काढलेला, त्याला काही करावं लागत नसे.

"दार..." त्या म्हणाल्या.

आणि अक्कांकडे नजर गेली.

हरणाबाईंनी काठीवरचा हात उचलला आणि तळवा स्वतःच्या तोंडावर ठेवला. घट्ट. त्या पहाटे शालूनं ठेवला होता तसा. तोंडावर हात होता आणि वरचे डोळे शालूबाईंकडे बघत होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. काय होतं हे शालूबाईंना सांगता आलं नसतं, पण अडतीस वर्षं त्या ज्याला घाबरल्या होत्या ते नव्हतं.

त्यांनी पदर खाली घेतला.

"आज न्हाई हुयाचं," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "समोर माजी थोरली जाऊ बसलीया. घरचं मानूस जित्तं समोर बसल्यालं असताना आमच्यात रडत न्हाईत." लोक हसले. त्या थांबल्या. हसणं विरल्यावर म्हणाल्या, "आनि आजून येक. पुस्तकात छापलंय की शब्द मला सुचलं. त्ये चूक हाय. शब्द ह्यांचं हायती. हरणाबाई. म्या न इचारता घेतलं. इचारायचं आजवर धाडस झालं न्हाई."

मग टाळ्या वाजल्या, जरा बिचकत, मग जोरात. सचिवांनी माइक घेतला. "बघा, किती हा विनय," ते म्हणाले, आणि पुढच्या सत्कारमूर्तींचं नाव घेतलं.

नाथाजींनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. शेजारी हरणाबाईंनी हात तोंडावरून काढून परत काठीवर ठेवला होता.

*

परतीच्या वेळी शालूकाकी आपणहून मागच्या गाडीत येऊन बसल्या. भिंतीवरच्या कागदात तसं नव्हतं, पण नाथाजीकाकांनी हरकत घेतली नाही. शिवांजली पुढे वीरधवलशेजारी आली. दोघी म्हाताऱ्या मागे. तासगाव गेलं, विटा गेलं.

वीरधवलला खरं तर बरं वाटायला हवं होतं. त्याला हवं ते काकी सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. पण आरशात आईचा चेहरा दिसत होता, आणि तो बरं वाटणाऱ्या माणसाचा नव्हता. आईला कधी रडताना पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. तो कोईमतूरहून दोन दिवसांनी पोचला होता, आणि त्यालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

"उगडं का म्हनलीस?" आईनं एकदम विचारलं.

"लावलं म्हनवलं न्हाई," काकी म्हणाल्या.

"मी समजत हुती तू सांगून टाकलंस. समद्या मुलखाला."

"मी? अक्का, मी कशी सांगीन? मला वाटलं तुमी रडन्यावर रागावलाय. तुमचं रडनं घेतलं म्हनून."

"त्यावर बी हायेच," आई म्हणाली. "धुळा सिनेमापायी गेला, आनि रडू बी सिनेमानंच न्हेलं. रागावू नगं तर काय करू?"

"काय लावलं, आई?" वीरधवलनं विचारलं.

"तू गाडी चालीव."

मायणी मागे पडली. ऊन पिवळं झालं होतं. रस्त्याच्या कडेला एका रानात कडब्याची मोठी गंज होती, बांधावरून हात लागेल इतकी जवळ.

"थांबीव," आई म्हणाली.

"काय झालं? बरं वाटंना का?"

"थांबीव म्हनती न्हवं."

त्यानं गाडी कडेला घेतली. आई उतरली. काकीही उतरल्या. शिवांजली दार उघडायला लागली तशी काकींनी तिला हातानं बसवलं. एकीच्या हातात काठी, दुसरी तिच्या कोपराला धरून, अशा दोघी बांध ओलांडून गंजीपाशी गेल्या. आईनं कडब्याला हात लावला. मग गुडघे वाकत नसतानाही ती खाली बसली. कशी बसली, हे वीरधवलला दिसलं नाही.

आणि हेल निघाला.

तो इतका ओळखीचा होता की वीरधवल आधी सुटल्यासारखा हसला. "काकी बग," तो म्हणाला. "स्टेजवर केलं न्हाई, आनि हितं आईला रडून दाखवतीया."

शिवांजलीनं मान हलवली. ती काचेतून एकटक बघत होती. "काका, शालूआज्जी उभी हाय," ती म्हणाली.

त्यानं नीट पाहिलं. काकी उभ्या होत्या, तोंड मिटून, एक हात बसलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवून. रडत होती ती त्याची आई. आवाज चिरका होता, मधेच तुटत होता, पडद्यावरच्या हेलासारखा वळणदार नव्हता. बऱ्याच दिवसांत न उघडलेलं काहीतरी उघडावं तसा अडत, घासत येत होता. शब्द वाऱ्यावर तुकड्यांनी पोचत होते. दार म्या लावलं रं धुळा. माज्या हातानं लावलं रं. पुढे भाकरीचं काहीच नव्हतं. तेच, पुन्हा पुन्हा.

वीरधवलनं गाडी बंद केली. त्याला आईच्या खोलीची चौकट आठवली. दर सुट्टीत तो म्हणायचा, आई, नवी कडी बसवून देतो, चोराचिलटाचं भय, आणि दर वेळी आई म्हणायची, ऱ्हाऊ दे. कालही म्हणाला होता. कडी विकत आणलेली होती, डिकीत पडली होती.

मागून एक उसाची ट्रॉली आली, हॉर्न वाजवत निघून गेली. पुढे गेलेल्या गाडीतून नाथाजीकाकांचा फोन आला. "काय पंक्चर झालं का?"

"न्हाई काका," वीरधवल म्हणाला. "येतो. तुमी व्हा म्होरं." आणि फोन शिवांजलीकडे दिला.

*

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. यशराज सन्मानचिन्ह कुठे ठेवायचं यावर बायकोशी वाद घालत होता. नाथाजींनी भिंतीवरचा कागद काढून घडी केला आणि खिशात टाकला.

शालूबाई गाडी थांबताच आत गेल्या होत्या, चपला तशाच पायात. हरणाबाई पायरीशी पोचल्या तोवर त्या परत दारात आल्या. एका हातात तांब्या. दुसऱ्या हातात फाटकाजवळच्या झाडाचा पाला, घाईनं ओरबाडलेला, काड्यांसकट.

हरणाबाई खालच्या पायरीवर थांबल्या.

"त्वांड धुवा, अक्का," शालूबाई म्हणाल्या. तांब्या काठोकाठ भरला होता आणि पाणी उंबऱ्यावर सांडत होतं. "पाला चावा. मग आत या."

हरणाबाईंनी ओंजळ पुढे केली. तोंड धुतलं, सावकाश, दोनदा. दोन पानं खुडून तोंडात टाकली. चावता चावता त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी शालूबाईंकडे वर पाहिलं.

"लय कडू हाय की गं," त्या म्हणाल्या. "आठवड्याला तीनतीनदा खाल्लायस व्हय ह्यो पाला?"

"व्हय."

"आनि येकदाबी बोलली न्हाईस."

शालूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्यांना वर घ्यायला हात पुढे केला.